भागूने होडी वाळत घातली

आमच्या भागूच्या उजव्या हातात सोन्याचा गोठ होता आणि डावा हात रिकामा. नव्याने लग्न होऊन आलेल्या पोरी विचारायच्या, "भागूबाय, दुसरा गोठ हरवला काय गो?" तेव्हा ती खाडीकडे बोट दाखवायची. "हरवतोय कशाला? तो काय, पाण्यात उभा हाय." पोरी खुळ्यासारख्या खाडीत बघत राहायच्या. तिथे एक जुनी उलांडीची होडी बांधलेली असायची, दुसरं काही नाही.

मी केसर. भागूच्या आणि माझ्या घरांमध्ये नुसतं एक कुडाचं कुंपण. आमचा कोळीवाडा दिघीच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. डोक्यावर सुक्या बोंबलाची पाटी घेऊन घाटी चढायची आणि बोर्ली पंचतनचा बाजार गाठायचा, हे आम्ही दोघींनी इतकी वर्षं केलं की पाय आपोआप चालायचे. म्हणून सांगते, भागूच्या होडीची गोष्ट वाड्यातले बापे सांगतात ती अर्धीच असते. ते हसण्यापाशी थांबतात. हसा बापड्यांनो, मीपण हसले. पण पुढचंही सांगा की!

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या वर्षी शिमग्यापासून हे सगळं सुरू झालं. भागूचा नवरा हरेश्वर, त्याला अख्खा वाडा तांडेल म्हणायचा. तांडेल म्हणजे मचव्यावरचा मुख्य माणूस, त्याने हाक दिली की खलाशांनी शीड उचलायचं. आमचा तांडेल असा, की धुक्यात पुढचं काही दिसत नसताना नुसता वास घेऊन सांगायचा, डाव्या हाताला खडक हाय, सांभाळा. आणि त्याच माणसाचे डोळे त्याआधीच्या वर्षी गेले. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं दिसेना. मुंबईच्या इस्पितळात नेलं, तिथला डॉक्टर म्हणाला, फार उशीर झाला.

तेव्हापासून तांडेल मागच्या पडवीत बसला तो बसलाच. दर्याकडे पाठ करून. भागूने पेज पुढे ठेवली तर चार घास खायचा, नाहीतर तसाच. बोलणं बंद. ज्याच्या हाकेने बंदर जागं व्हायचं, तो माणूस पाणी मागायलाही तोंड उघडेना. बघवत नव्हतं हो.

त्यांचा मुलगा सदा मुंबईला गोदीत कामाला. पोरगा गुणी, बापावर जीव. शिमग्याला आला, बापाची दशा बघून रडला आणि म्हणाला, "आये, मी बाबांना माझ्याकडे नेतो. पावसाळ्यासाठी आगबोट बंद व्हायच्या आत येतो आन् घेऊन जातो. तुम्ही दोघं चला." तांडेल एवढंच बोलला, "ने. इथं काय, तिथं काय." सदा बिचारा आनंदाने परत गेला.

दुसऱ्या दिवशी घाटी चढताना भागू मध्येच थांबली. डोक्यावर पाटी, कपाळावर घामाच्या धारा. म्हणाली, "केसर, हा माणूस तिकडं गेला की संपला. सदाची खोली मी बघितलीय. पुढं भिंत, मागं भिंत. दर्याचा आवाज न्हाय, वारा न्हाय. इथं पाठ करून बसला तरी त्याच्या कानावर दर्या पडतो. तिकडं काय पडंल? नळाचं भांडण?"

"मग काय करणार तू?"

"होडी घेणार."

मी पाटी सावरली, नाहीतर बोंबील खाली आले असते. "होडी घेशील, पण चालवणार कोण?"

"मी."

"तुला शीड बांधता येतं?"

"लुगडं बांधता येतं की! इतका लांब कपडा रोज पहाटे अंधारात आवरते, ते काय तांडेलाने शिकवलं?"

आता हे ऐकून तुम्हाला काही वाटणार नाही. पण आमच्यात बाई मासळी सुकवते, विकते, घर चालवते, मासेमारीच्या होडीवर मात्र पाय ठेवत नाही. तरीतून, म्हणजे माणसं नेणाऱ्या नावेतून, खाडी ओलांडते, आगबोटीने मुंबईला जाते, ते चालतं. होडीच्या सुकाणूला हात नाही लावायचा. का, ते कोणी विचारत नाही. तेव्हा दर्याच्या काठी जन्म काढलेल्या भागूला होडीतलं कळत होतं किती? घाटावरच्या माणसाला कळतं तेवढंच.

आणि हातात पैका कुठे होता? नव्या होडीला दोन्ही गोठ, गळ्यातलं डोरलं आणि वर नवरा घातला असता तरी पुरलं नसतं. म्हणून जुनी बघायची. बोर्लीच्या सोनाराकडे डाव्या हातातला गोठ काढून दिला, आलेले पैसे पदरात बांधले आणि आम्ही दोघी तरीने खाडीपलीकडे गेलो. तिथे रावजी म्हणून एक म्हातारा कोळी होता. त्याची मुलं मुंबईला गिरणीत लागली, म्हणून तो होड्या विकून टाकत होता.

रावजीने आधी एक होडी दाखवली. नुकतं तेलपाणी केलेली, काळीशार, चकचकीत. "बघा बाय, नवी नवरी हाय नवी नवरी!" मला तर ती एकदम आवडली. भागू मात्र होडीभोवती फिरली, वाकली आणि वास घेतला. मी म्हटलं, झालं, आता ही कल्ले उघडून बघणार!

तिने खरंच तेच केलं. अंबाड्यातला आकडा काढला आणि चकचकीत फळीत दाबला. आकडा आत गेला. सहज गेला हो, जोर लावावा लागला नाही. रावजी ओरडला, "अरे अरे, भोक पाडशील!"

"भोक मी न्हाय पाडलं दादा, ते आधीच हाय. तुम्ही वरून तेल लावलंत." भागूने आकडा पुसून परत अंबाड्यात खोचला. "शिळ्या पापलेटाचे कल्ले लाल करून बाजारात बसणाऱ्या बाया मी रोज बघते. मला होडीतलं कळत न्हाय. पण विकणाऱ्यातलं कळतं."

रावजी ओशाळला, मग हसायला लागला. माणूस तसा वाईट नव्हता. माडांच्या सावलीत दुसरी होडी झावळ्यांखाली पडली होती. पांढुरकी, सुकलेली, रंग उडालेली. दोन पावसाळे तिला कोणी हात लावला नव्हता. भागूने तिच्यात जागोजागी आकडा टोचून बघितला. कुठेही शिरला नाही. उलांडी तपासली, तीही टणक. उलांडी म्हणजे होडीच्या डाव्या अंगाला दोन आडव्या काठ्या बाहेर काढून त्यांच्या टोकाला बांधलेला लांब ओंडका. होडी कलली की तो ओंडका तिला सावरतो.

मग भाव. भागूने तीन वेळा पाठ फिरवली, तीन वेळा रावजीने हाक मारली. शेवटी पदराची गाठ सुटली. रावजीची बायको काशी आतून कुंकवाचा करंडा घेऊन आली. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, तिने हळदकुंकू लावलं, तांदूळ आणि नारळ घालून होडीची ओटी भरली आणि डोळ्यांना पदर लावला. "लेक म्हणून देते बाय. हिच्यावर माझी मुलं वाढली." भागूने तिचे हात धरले. "सासरी उपाशी न्हाय ठेवणार," म्हणाली. मलाच भरून आलं.

तरीच्या मागे बांधून होडी आणली तर काय, खाडी ओलांडेपर्यंत ती गळ्यापर्यंत भरली! प्रत्येक सांधीतून पाणी. किनाऱ्यावर आमचा अंबाजी पाटील आणि निम्मा वाडा उभा. पाटील म्हणाला, "भागू, फसलीस. आन् तसंही बाईचा पाय होडीला लागला की मासळी पळते. ही आपली रीत न्हाय."

"एकविरा आय कोण हाय पाटील? बाप्या हाय?" भागूने तिथल्या तिथे दिलं ठेवून. "तिच्या नावाने नारळ फोडून दर्यात जाता ना?"

"बुडालीस म्हणजे?"

"बुडाले तर मासळी मला खाईल. तुमच्या घरचं काय जाईल?"

पाटील बाजूला झाला. पण घरात तांडेलाचं निराळंच. होडी आणली म्हणून सांगितलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माझ्यापायी घेतली असशील तर विकून टाक. आंधळ्याला होडी काय, न् पालखी काय." भागू बाहेर आली, माझ्या ओट्यावर बसली आणि पहिल्यांदा रडली. डोळे पुसून लगेच उठलीही. "होडी गळते, ते आधी बघू," म्हणाली.

आता बघा हं. विचारायचं कोणाला? पाटलाला विचारणार नाही, बाकीच्या बाप्यांशी भांडण झालेलं, नवरा बोलत नाही. मग भागूने आपल्या अकलेने विचार केला. होडीला पाणी लागलंय, लाकूड ओलं झालंय. आणि ओलं झालेलं टिकवायचं तर काय करतात? सुकवतात! जन्मभर दुसरं केलं काय होतं तिने? मलाही ते अगदी पटलं. आम्ही पाच-सहा बायांनी मिळून होडी ओढली, बोंबील वाळवायच्या खळ्यात नेली, पालथी घातली. सकाळी एक कूस उन्हाला, दुपारी दुसरी. भागू अधूनमधून जाऊन हात लावून बघायची, सुकली का.

बाप्यांना काय, फुकटचा तमाशा मिळाला. खरं काय करायचं ते एकूण एकाला ठाऊक होतं, पण सांगतील तर शपथ! जाळी विणत बसायचे आणि दात काढायचे. धर्मा खलाशी ओरडला, "भागूबाय, मीठ लावलंस काय गो होडीला?"

"ये, तुझ्या तोंडाला लावते!" भागूने उत्तर दिलं, पण तिचा चेहरा उतरला होता. कारण सांधी मिटायच्या सोडून रुंदावत चालल्या होत्या. पलीकडचा उजेड दिसायला लागला. चैत्राचं ऊन, त्याला दयामाया नाही. सदा यायचे दिवस जवळ येत होते आणि गोठाची होडी खळ्यात फाटत होती.

एका दुपारी भागू आणि मी खळ्यात बोंबील उलटत होतो. तेवढ्यात होडीतून आवाज आला. तड्. मोठा नव्हता, मी तर लक्षही दिलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा, तड्.

मागच्या पडवीतून हाक आली. "भागू! कसला आवाज?"

आम्ही दोघी जागच्या जागी. वर्षभरात त्या पडवीतून हाक आली नव्हती. भागू हातातला बोंबील टाकून उभी राहिली. म्हणाली, "होडी हाय... सुकतेय."

"काय करतेय?"

"सुकत घातलीय."

तांडेल उठला. चाचपडत कुडाला हात लावत आला, वाटेत माझी टोपली लाथाडली, बोंबलांवर पाय दिला. होडीला हात लागला तसा दोन्ही हात तिच्यावर फिरवायला लागला. बोटं सांधीत घातली. फळ्या ठोकल्या. कान लावला. आणि मग जे बोलला ते मी सगळं सांगत नाही, पोरीबाळी ऐकतात.

"अगो, होडी काय बोंबील हाय? उन्हात घालतेस? अशीच चार दिवस ठेव, मग चुलीत घाल!"

"मग काय करू? मला कोण सांगतंय?" भागूही तडकली. "तू भिंतीशी बोलतोस, हे बापे दात काढतात. मला सुकवता येतं, मी सुकवली!"

"बुडव तिला."

"काय?"

"बुडव म्हणतो! पाण्यात घाल, दगड भर, तळाला बसव. लाकूड पाणी पिऊन फुगलं पाहिजे, तरच सांधी मिटतील."

"माझा गोठ गेलाय हिच्यात!"

"मग गोठासकट बुडव!"

धर्मा आणि बाकीचे खदाखदा हसत होते. तांडेल त्यांच्याकडे वळला. "कोण हसतो रे? धर्मा? चांगली होडी उन्हात मरते आन् बघत बसता? कोळी की कोण तुम्ही? चला, हात लावा!"

काय सांगू तुम्हाला. तोच आवाज हो! मचव्यावरचा. माणसांनी जाळी टाकली आणि धावत आली. अंबाजी पाटीलही उठला, त्याला स्वतःला कळलं नसेल कधी उठला ते. खांदा लावला होडीला. रीत कुठे गेली ती कोणी विचारली नाही.

होडी खाडीत बुडवली, दगड घातले. मग तांडेलाचा मुक्काम किनाऱ्यावर. ओहोटीला चिखलात उतरायचा, सांधीवर बोट फिरवायचा, मान हलवायचा. भागू पेज तिथेच नेऊन द्यायची. आणि बाई, वाडगा चाटूनपुसून परत यायचा! एके दिवशी सांधीत नख शिरेना. होडी वर काढली, उरल्यासुरल्या फटीत कापूस आणि राळ भरली, आतून-बाहेरून तेल पाजलं आणि भागूने नाळेला पुन्हा कुंकू लावलं.

मी भागूला विचारलं, "खरं सांग गो, मुद्दाम केलंस ना? त्याला उठवायला?"

ती म्हणाली, "मुद्दाम? अगो, मी इतकी शहाणी असते तर आधीच नसतं का उठवलं स्वारीला? चुकलेच मी. पण बरी चुकले!" आणि खळखळून हसली.

मग शिकवणी. आता बाप्यांना हसायला वेळच मिळेना, तोंडं उघडी टाकून बघायचे. भागू सुकाणूवर, तांडेल पुढे. डोळे तिचे, बाकी सगळं त्याचं. "भागू, उजव्या कानामागं गार लागतंय. वारा फिरतोय, दोर सैल सोड." "भागू, पुढं पाणी वेगळं वाजतंय, काय दिसतं?" "काय न्हाय." "नीट बघ." ती नीट बघायची आणि तिथे पाण्याखाली वाळूचा बांध असायचा. डावीकडून जोराचा वारा आला की उलांडी पाण्याबाहेर उचलायची, तेव्हा आडव्या काठीवरून बाहेर जाऊन वजन द्यावं लागतं. हा आंधळा माणूस हातापायांनी चाचपत त्या काठीवर जाऊन बसायचा! भागू पहिल्या दिवशी किंचाळली. "परत ये! पडशील!" तो म्हणाला, "मी इथं पडणार न्हाय. पडवीत पडलो होतो."

एकदा तिने दोर भलत्या वेळी सोडला आणि शिडाच्या काठीने तांडेलाचं मुंडासं उडवून खाडीत टाकलं. सगळा वाडा बघत होता. मला वाटलं, आता शिव्या. तांडेल डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "बरं झालं. तिथं ऊन लागत नव्हतं." वर्षाने हसला तो माणूस. किनाऱ्यावर मी पदर तोंडात कोंबून उभी होते, हसत होते की रडत होते, देव जाणे.

आणि सदा यायचा दिवस आला.

तेव्हा धक्का नव्हता. आगबोट खाडीत लांब उभी राहायची, मग किनाऱ्यावरून पडाव जायचे आणि माणसं उतरवून आणायचे. भागू म्हणाली, "पडावाला कशाला पैसे? आपण आणू पोराला." मी म्हटलं, मी येते. का? सदाचं तोंड बघायचं होतं मला, दुसरं काय!

सदा शिडीवर उभा, हातात वळकटी, पडावांकडे बघतोय. आमच्या शिडाला तीन ठिगळं, ते त्याला ओळखीचं कुठून असणार? तांडेलाने पुढून आवाज दिला, "ए सदा! उजव्या अंगाने चढ. नाळेवर पाय ठेवू नको, तुझ्या आयने कुंकू लावलंय!"

सदा खाली बघतो तर सुकाणूवर आई, पुढे बाप आणि मध्ये मी. वळकटी हातातून सुटली ती थेट माझ्या मांडीवर. शिडीच्या खालच्या पायरीवर तो तसाच उभा राहिला, मागची माणसं ओरडायला लागली. तांडेलाने हात वर केला, पोराचं मनगट अचूक धरलं आणि त्याला होडीत घेतलं. खाली बसवलं. मग त्याच्या तोंडावरून हात फिरवला, गालावरून, खांद्यावरून.

"हाडं लागतात रे हाताला. मुंबईत जेवत न्हाईस काय?"

सदाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. त्याने आवाज केला नाही, पण बापाचे हात तोंडावरच होते. तांडेलाने ते पुसलं.

सदा हळूच मागे आईकडे सरकला. "आये," खिशातून तिकिटं काढत म्हणाला, "मी बाबांचं तिकीट आणलंय. परतीच्या बोटीचं. तुझं पण."

भागूने सुकाणूवरचा डावा हात काढला नाही. तो रिकामा हात सदाने तेव्हा बघितला. गोठ कुठे गेला, ते त्याला कोणी सांगायला लागलं नाही. त्याने एकदा त्या हाताकडे बघितलं, एकदा होडीकडे, आणि तिकिटं परत खिशात घातली.

"बाबा," त्याने विचारलं, "येणार ना माझ्याबरोबर?"

"यायला काय झालं?" तांडेल म्हणाला. "पावसाआधी होडी वर काढली की मी मोकळाच हाय. पावसाळाभर येतो, तुझ्या हातचं खातो. नारळी पुनव झाली की मला परत आणून सोड. तुझी आय अजून कच्ची हाय, तिला एकटीला सोडता येणार न्हाय."

"मी कच्ची?" भागू म्हणाली.

"गप. वारा फिरला. दोर सोड."

मी वर बघितलं, शीड तर हललंसुद्धा नव्हतं. भागूने विचारलं नाही. तिने दोर सोडला. मग वारा आला.